उड्डाणे घटली, तरी विमानाला उशीर का?

वेंगुर्ले तालुक्यातील चिपी-परुळे येथील विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, तेव्हा सिंधुदुर्गवासीयांचे अनेक वर्षांचे स्वप्न साकार झाले. मुंबईहून रेल्वेने वा एस.टी.ने रात्र काढून गाव गाठणाऱ्या चाकरमान्याला आता तासा-दीड तासात परुळ्याच्या सड्यावर उतरता येणार होते. त्या वेळी देशातील विमान वाहतूक करोनाच्या तडाख्यातून पुरती सावरलेली नव्हती. विमान कंपन्यांना पूर्वीच्या ८५ टक्केच देशांतर्गत उड्डाणे करण्याची मुभा होती. ही मर्यादा १८ ऑक्टोबर २०२१ रोजी उठली. म्हणजे चिपीचा विमानतळ मंदीच्या काळातच जन्माला आला. आकाशात विमाने कमी, मुंबईच्या धावपट्टीवर गर्दी कमी. तेव्हा निदान वेळेवर पोहोचण्याची तरी हमी असावी, अशी अपेक्षा प्रवाशांनी धरली तर त्यात गैर काही नव्हते.

वाहतूक घटली की उशीर घटतो, हा समज तर्काला धरून आहे. पण तो अर्धाच खरा आहे. मंदीतही विमाने रखडतात, आणि त्यामागे बहुतेकदा विमानांची संख्या नसून ती हाताळणाऱ्या यंत्रणेची क्षमता असते. ही क्षमता कशी ठरते, मंदीत ती का आक्रसते आणि त्याची झळ चिपीसारख्या लहान विमानतळाला अधिक का बसते, याचा हा आढावा.

नियंत्रकाचे काम

विमानतळाच्या उंच मनोऱ्यात बसलेला माणूस म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रक, एवढीच सर्वसाधारण कल्पना असते. प्रत्यक्षात हे काम तीन टप्प्यांत विभागलेले असते. मनोऱ्यातील नियंत्रक धावपट्टी व तिच्या आसपासची हालचाल पाहतो. विमानतळाकडे येणाऱ्या व तेथून निघालेल्या विमानांना ‘ॲप्रोच’ नियंत्रक रांगेत आणतो. या दोहोंच्या पलीकडे, उंचावरून लांबचा प्रवास करणारी विमाने क्षेत्र नियंत्रकाच्या ताब्यात असतात. भारताचे आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चार मुख्य माहिती क्षेत्रांत वाटलेले असून कोकण किनारा मुंबईच्या क्षेत्रात येतो.

नागरी विमानतळांवरील नियंत्रणाची जबाबदारी भारतीय विमानतळ प्राधिकरणाची आहे. विमानतळ खासगी कंपनी चालवीत असली, तरी आकाशाचे नियंत्रण सरकारी यंत्रणेकडेच राहते. संरक्षण दलांचे तळ मात्र याला अपवाद आहेत. गोव्याचे दाबोळी हे नौदलाचे, तर पुण्याचे लोहगाव हे हवाई दलाचे ठाणे आहे. तेथील नियंत्रण त्या त्या दलाकडे असते आणि नागरी उड्डाणांना लष्करी सरावाच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

नियंत्रकाचे पहिले कर्तव्य म्हणजे दोन विमानांमध्ये सुरक्षित अंतर राखणे. रडारच्या टापूत लांबच्या मार्गावर हे अंतर साधारणतः पाच सागरी मैल, तर विमानतळाजवळ तीन सागरी मैलांपर्यंत असते. उंचीतील फरक किमान एक हजार फुटांचा असावा लागतो. मोठ्या विमानामागे हवेत भोवरे उठतात. त्यामागून लहान विमान येत असेल, तर अंतर आणखी वाढवावे लागते. या नियमांत तडजोड नसते. म्हणूनच एका नियंत्रकाला एका वेळी किती विमाने सांभाळता येतील, यावर मर्यादा पडते आणि तीच त्या क्षेत्राची क्षमता ठरते. क्षेत्रावर भार वाढला, की त्याचे दोन भाग करून दुसरा नियंत्रक बसविता येतो. पण त्यासाठी तो दुसरा नियंत्रक उपलब्ध असावा लागतो.

मुंबईची धावपट्टी : एक गणित

महाराष्ट्रातील कोणत्याही विमानाच्या उशिराची कहाणी बहुधा मुंबईपाशी येऊन थांबते. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. व्यवहारात तो एका धावपट्टीचाच विमानतळ आहे. तरीही ८ डिसेंबर २०१८ रोजी तेथे चोवीस तासांत एक हजारांहून अधिक विमानांची ये-जा झाली. एका धावपट्टीवर इतकी वाहतूक हाताळणारे विमानतळ जगात फारच थोडे आहेत.

मुख्य धावपट्टीवर गर्दीच्या तासाला ४६ उड्डाणे व अवतरणे हाताळण्याचे प्रमाण अनेक वर्षे रूढ होते. मुख्य धावपट्टी बंद ठेवून दुय्यम धावपट्टी वापरावी लागली, की हा आकडा ३५ च्या आसपास येतो. मंदीतही उशीर का होतो, हे या दोन आकड्यांवरून उमजते.

समजा, गर्दीच्या वेळी तासाला ४४ विमानांची मागणी आहे. क्षमता ४६ असल्याने सारे सुरळीत चालते. आता मंदी आली व मागणी दहा टक्क्यांनी घटून ४० वर आली. गर्दी आणखी कमी झाली. पण त्याच दिवशी मुख्य धावपट्टी तीन तास बंद राहिली आणि क्षमता ३५ झाली, तर दर तासाला पाच विमाने मागे राहतात. तीन तासांत पंधरा विमानांची रांग लागते. त्या रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या विमानाला जवळपास २५ मिनिटे थांबावे लागते. मुख्य धावपट्टी पुन्हा सुरू झाल्यावरही तासाला सहाच जादा विमाने मार्गी लागतात. म्हणजे रांग संपायला आणखी अडीच तास जातात. तीन तासांच्या अडचणीचे पडसाद साडेपाच तास उमटत राहतात, आणि तेही वाहतूक दहा टक्के कमी असताना.

उशीर हा वाहतुकीच्या सरासरीवर अवलंबून नसतो. त्या त्या तासाची मागणी व त्या तासाची क्षमता यांच्या वजाबाकीवर तो ठरतो. मंदीत कंपन्या दुपारची वा मध्यरात्रीची रिकामी जाणारी उड्डाणे आधी बंद करतात; सकाळ-संध्याकाळची मोक्याची वेळ कोणी सोडत नाही. दिवसाचा एकूण आकडा खाली येतो, पण गर्दीच्या तासाचा आकडा फारसा हलत नाही.

२०१९ चा धडा

या सूत्राचा प्रत्यय मुंबईला २०१९ साली आला. त्या वर्षी ७ फेब्रुवारी ते ३० मार्च या काळात आठवड्यातून तीन दिवस, सकाळी ११ ते सायंकाळी ५ या वेळेत दोन्ही धावपट्ट्यांच्या छेदाच्या दुरुस्तीसाठी विमानतळ बंद ठेवण्यात आला. पाठोपाठ १७ एप्रिल रोजी जेट एअरवेजने आपली उड्डाणे थांबविली. देशातील एक मोठी विमान कंपनी एका रात्रीत आकाशातून नाहीशी झाली. त्या एप्रिलमध्ये देशांतर्गत प्रवाशांची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेत सुमारे साडेचार टक्क्यांनी घटली. अनेक वर्षांच्या सलग वाढीनंतरची ही पहिली घसरण होती.

जेटने मोकळ्या केलेल्या मुंबईतील वेळा इतर कंपन्यांनी लागलीच उचलल्या. मग १ जुलैच्या रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेले स्पाइसजेटचे विमान मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि चिखलात रुतले. ते बाहेर काढेपर्यंत मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली. शेकडो उड्डाणे रद्द झाली वा रखडली. जेटची विमाने जमिनीवर होती, प्रवासीवाढ मंदावली होती. पण या कशानेही प्रवाशांचा खोळंबा टळला नाही, कारण त्या दिवसांत घटली होती ती धावपट्टीची क्षमता.

माणसे घटली, की आकाशही आक्रसते

धावपट्टी दुरुस्त करता येते. प्रशिक्षित नियंत्रक मात्र बाजारात विकत मिळत नाही. प्राथमिक प्रशिक्षणानंतर त्याला ज्या विमानतळावर वा क्षेत्रात काम करावयाचे, तेथेच अनुभवी नियंत्रकाच्या देखरेखीखाली शिकावे लागते व परीक्षा देऊन पात्रता मिळवावी लागते. मुंबईचा नियंत्रक उद्या दिल्लीला गेला, तर तेथे त्याला पुन्हा पात्रता मिळवावी लागते. प्रयागराज येथील जुन्या प्रशिक्षण महाविद्यालयाबरोबरच हैदराबाद व महाराष्ट्रातील गोंदिया येथे प्राधिकरणाच्या प्रशिक्षण संस्था आहेत. तरीही नवा नियंत्रक तयार होण्यास दीर्घ काळ लागतो.

मंदी आली, की भरती थांबते, प्रशिक्षण रेंगाळते, निवृत्त होणाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहतात. त्याचा परिणाम त्या वर्षी दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी दिसतो. युरोपात २०२२ साली हेच घडले. त्या वर्षी उड्डाणांची संख्या २०१९ च्या तुलनेत सुमारे १७ टक्के कमी होती. पण हवाई नियंत्रणामुळे दर उड्डाणामागे होणारा सरासरी उशीर मात्र २०१९ पेक्षा कमी नव्हता. करोनाकाळात रोडावलेले मनुष्यबळ, युक्रेन युद्धामुळे बंद झालेले आकाश व त्यामुळे इतर मार्गांवर लोटलेली विमाने, तसेच फ्रान्समधील काही केंद्रांवर नवी संगणकप्रणाली बसविण्याचे काम अशी कारणे एकत्र आली.

अमेरिकेतही २०२३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क परिसरातील नियंत्रकांच्या तुटवड्यामुळे हवाई प्रशासनाला विमान कंपन्यांना उड्डाणे कमी करण्याची विनंती करावी लागली. याहून जुने उदाहरण १९८१ चे आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक नियंत्रकांना अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी बडतर्फ केले. त्यानंतर मोठ्या विमानतळांवरील उड्डाणांवर निर्बंध घालावे लागले आणि यंत्रणा पूर्ववत होण्यास कित्येक वर्षे गेली.

यंत्रे बिघडली, तरी हीच गत होते. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्ली येथे उड्डाणांचे आराखडे नियंत्रकांपर्यंत पोहोचविणारी संदेशप्रणाली बंद पडली. नियंत्रकांना हे काम हातांनी करावे लागले व शेकडो विमाने रखडली. आकाश तेच, धावपट्ट्याही त्याच. पण माहितीचा ओघ आटल्यावर क्षमता निम्म्यावर येण्यास वेळ लागत नाही.

वेळांची मक्तेदारी

मोठ्या विमानतळावर उतरण्याची वा उडण्याची नेमून दिलेली वेळ, म्हणजे स्लॉट, ही कंपनीची मोलाची ठेव असते. मिळालेल्या वेळांपैकी किमान ८० टक्के वापरल्या, तर पुढच्या हंगामात त्या आपल्याकडे राहतात, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. मंदीत हा संकेत विचित्र परिणाम घडवितो. प्रवासी नसतानाही वेळ हातची जाऊ नये म्हणून विमान उडविण्याचा मोह होतो. करोनाकाळात हा नियम जगभर शिथिल करावा लागला. तरीही २०२१-२२ च्या हिवाळ्यात केवळ वेळा राखण्यासाठी सुमारे १८ हजार अनावश्यक उड्डाणे करावी लागणार असल्याची तक्रार जर्मनीच्या लुफ्तान्सा समूहाने केली होती.

मुंबईत ही चढाओढ अधिक तीव्र आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने उलट दिशेने पाऊल टाकले. कागदावरील वेळा क्षमतेच्या काठोकाठ भरलेल्या असल्याने जरासा अडथळा आला, तरी विमाने आकाशात घिरट्या घालीत राहत. तेव्हा गर्दीच्या तासांतील मर्यादा ४६ वरून ४४ वर व इतर तासांतील ४४ वरून ४२ वर आणण्यात आली. खासगी विमानांवरील बंदीचे तासही वाढविण्यात आले. वेळापत्रकात थोडी सवड ठेवल्याशिवाय वक्तशीरपणा साधत नाही, याची ही कबुलीच होती.

चिपीला झळ अधिक का?

मुंबई-सिंधुदुर्ग मार्गावर ‘उडान’ योजनेखाली अलायन्स एअरचे सत्तर आसनी एटीआर विमान सुरू झाले. मुंबईच्या धावपट्टीच्या दृष्टीने पाहता सत्तर प्रवाशांचे विमान आणि दोनशे प्रवाशांचे विमान सारखीच एक वेळ घेतात. त्यातही पंख्याच्या विमानाचा उतरतानाचा वेग जेटपेक्षा कमी असल्याने त्यामागून येणाऱ्या जेटला अधिक अंतर ठेवावे लागते. जेथे एकेका वेळेसाठी झुंबड उडते, तेथे कोकणातल्या लहान विमानाला सोयीची वेळ मिळणे अवघड होते.

दुसरे कारण चिपी येथील सोयींचे. सुरुवातीच्या वर्षांत येथे रात्री विमान उतरविण्याची सोय नव्हती आणि उड्डाणे वैमानिकाला दिसणाऱ्या दृश्यमानतेवर अवलंबून होती. मुंबईत दीड तास उशीर झाला, तर पुणे वा नागपूरचा प्रवासी दीड तास उशिरा पोहोचतो. चिपीच्या प्रवाशाला मात्र मावळत्या सूर्याशी शर्यत करावी लागे. ती हरली, की उशिराचे रूपांतर थेट उड्डाण रद्द होण्यात होई. पावसाळ्यात परुळ्याच्या सड्यावर ढग उतरले, की हीच स्थिती. नेमका गणेशचतुर्थीचा हंगामही पावसातच येतो. मुंबईत विमान न मिळालेल्या चाकरमान्याला ऐन चतुर्थीला ना रेल्वेचे आरक्षण मिळते, ना एस.टी.चे.

तिसरे कारण, दिवसातून एकच फेरी असणे. मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावर एक उड्डाण चुकले, तर तासाभराने दुसरे असते. एकच विमान दिवसभर चार-पाच गावे फिरत असेल, तर सकाळचा वीस मिनिटांचा विलंब संध्याकाळपर्यंत साचत जातो व रांगेतील शेवटच्या गावावर येऊन आदळतो.

‘उडान’ योजनेतील तीन वर्षांची मुदत संपल्यावर २०२४ च्या अखेरच्या महिन्यांत अलायन्स एअरची मुंबई सेवा थांबली. त्याआधी मार्च २०२४ मध्ये गोव्याच्या फ्लाय-९१ कंपनीने बेंगळुरू व हैदराबादशी सिंधुदुर्ग जोडले होते, हे उल्लेखनीय आहे. दक्षिणेकडील मोठे विमानतळ त्याच कंपनीला अधिक सुलभ वाटले. जिल्ह्याचा खरा राबता ज्या मुंबईशी, तेथे मात्र वेळेचा प्रश्न उभा राहतो. तशात जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळ सुरू झाल्याने वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग परिसरातील प्रवाशांना सीमेपलीकडे अनेक उड्डाणांचा पर्याय मिळाला. चिपी व मोपा यांतील हवाई अंतर पन्नास किलोमीटरहूनही कमी आहे. बेभरवशाच्या एका विमानापेक्षा प्रवासी भरवशाच्या दहा विमानांकडे वळतो. प्रवासी वळले, की कंपनीही पाठ फिरवते.

मंदीचा सदुपयोग

मंदी ही क्षमता वाढविण्याची संधीही असते. पुण्याच्या लोहगाव विमानतळाचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. वाहतूक अत्यंत कमी असताना ऑक्टोबर २०२० पासून तेथील धावपट्टीच्या नूतनीकरणासाठी रात्रीची उड्डाणे बंद ठेवण्यात आली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सलग चौदा दिवस विमानतळ पूर्ण बंद ठेवून काम आटोपण्यात आले. हेच काम भर हंगामात काढले असते, तर प्रवाशांचे हाल झाले असते.

नियंत्रणाच्या क्षेत्रातही असेच करता येते. गेल्या दशकात भारताने केंद्रीय वाहतूक प्रवाह नियोजनाची यंत्रणा उभारली. मुंबईत गर्दी होणार असेल, तर तिकडे निघालेले विमान मूळ विमानतळावरच थांबवून त्याला उड्डाणाची नेमकी वेळ दिली जाते. आकाशात घिरट्या घालून इंधन जाळण्यापेक्षा जमिनीवर थांबणे स्वस्त व सुरक्षित असते. विमान तयार असताना, दारे बंद झाल्यावरही ते का हलत नाही, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा हेच असते.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. मुंबई महानगराला नियमित प्रवासी उड्डाणांसाठी दुसरा विमानतळ मिळाला. कोकणातील लहान विमानांना तेथे हक्काच्या वेळा मिळतात की मोठ्या कंपन्याच त्या व्यापून टाकतात, यावर चिपीचे भवितव्य बरेचसे अवलंबून राहील.

प्रवाशाने काय जाणावे?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे प्रवासी-हक्कांविषयीचे नियम ऑगस्ट २०१० पासून लागू आहेत. ठराविक मर्यादेपलीकडे उशीर झाल्यास अल्पोपाहाराची सोय, आणि सहा तासांहून अधिक उशीर होणार असल्यास दुसरे उड्डाण वा पैसे परत, असे पर्याय त्यात आहेत. मात्र हवाई नियंत्रण वा हवामान यांमुळे झालेल्या विलंबासाठी कंपनीवर नुकसानभरपाईचे बंधन नसते. म्हणून उशिराचे कारण कंपनीकडून लेखी वा संदेशाद्वारे मागून घेणे हिताचे ठरते. ‘नियंत्रणाची परवानगी नाही’ हे कारण दर वेळी खरे असतेच असे नाही. आधीच्या फेरीतून विमान उशिरा आलेले असणे, हे त्याहून नेहमीचे कारण असते. शक्य असल्यास दिवसातील पहिले उड्डाण निवडावे. त्याच्या वाट्याला दिवसभराचा साचलेला विलंब येत नाही.

आकाश कितीही मोकळे दिसले, तरी त्याची क्षमता जमिनीवरच ठरते. धावपट्टी, रडार आणि त्यामागे बसलेली माणसे यांवर मंदीत खर्च करण्याचे टाळले, तर तेजी येताच त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती सर्वांत आधी मोजतो तो एकाच विमानावर विसंबलेला वेंगुर्ल्याचा प्रवासी.